दुपारी दोनची नोंद

९ जानेवारी

मायन्याची जागा कोरी ठेवली आहे. जे सुचलं ते तू खोडलं असतंस.

तू फोन उचलत नाहीस. "सांगायचं ते लिहून पाठवा बाबा, बोलण्यात तुम्ही नेहमी जिंकता," असं म्हणून गेलीस. ठीक आहे, लिहितो.

मुद्दा असा. तू ज्या वृद्धाश्रमात मुख्य नर्स आहेस, त्याच्या तिसऱ्या मजल्यावर पत्र्याचं छप्पर आहे. त्याखाली अकरा म्हाताऱ्या राहतात. त्यांतली एक माझी सख्खी थोरली बहीण, तुझी आत्या. उन्हाळ्याआधी छप्पर बदलावं आणि तोवर सगळ्यांना खाली आणावं, असा अर्ज तू नगरसमितीकडे केलास. समितीने फाइलला माझी पुस्तिका जोडली. 'पारा खोटं बोलत नाही'. बत्तीस वर्षं मी या गावच्या वेधशाळेत तापमान मोजलं. त्या नोंदींत उन्हाळा वाढलेला दिसत नाही, असं तीत छापलं आहे. बैठक पंधरा मार्चला आहे. त्याआधी माझे आकडे भरवशाचे नाहीत असं मी लेखी द्यावं, ही तुझी मागणी.

मी देणार नाही.

माणसाच्या धुराने पृथ्वी तापते आहे, हे मला पटत नाही. पटवून घेण्याचा प्रयत्न केला. तू दिलेली पुस्तकं वाचली. नाही पटलं, तर मी काय करू? पटणं काय हातात असतं? कुणाला देव पटत नाही, कुणाला डॉक्टर पटत नाही. त्यांना तू पापी म्हणत नाहीस. त्यांच्या उशा नीट करतेस. मला मात्र माझ्याच टेबलाशी, माझ्याच कपातला चहा पिताना म्हणालीस, "ही चूक नाहीये बाबा, हा गुन्हा आहे."

मी विचारलं, "शंका घेणं गुन्हा आहे?"

"शंका घेणं नाही. तुम्ही शंका घेत नाही, पाळता. रोज खायला घालता. आणि ती चावते दुसऱ्यांना."

वाक्य चांगलं होतं. त्याचं उत्तर आता देतो. शंका नसती तर वेधशाळा नसती. कालच्यासारखंच आजही असेल असं गृहीत धरायचं नाही, म्हणून रोज मोजायचं. आयुष्यभर मी हेच केलं. त्याला गुन्हा म्हणायचं असेल तर म्हण.

तुझा,
बाबा

२४ जानेवारी

माझंच पत्र परत आलं. 'रोज मोजायचं' याच्या शेजारी समासात पेन्सिलीने एक शब्द लिहिलेला. 'फांद्या?'

फांद्यांचा इथे संबंध नाही.

तरी तू विचारतेसच म्हणून सांगतो. आकडा कसा जन्माला येतो ते मी पाहिलं आहे. अंगणात खांबांवर एक पांढरी लाकडी पेटी, चारी बाजूंना तिरप्या पट्ट्या, आत तापमापक. वाचणारा एक पगारी माणूस. त्याला सर्दी होते, त्याचं घरी भांडण होतं, चष्मा घरी राहतो. जगातल्या कुठल्या तरी मोठ्या कचेरीत असे लाखो आकडे एकत्र होतात, त्यांतून एक रेघ निघते, आणि ती वर चालली आहे म्हणून साऱ्या जगाने घाबरायचं. त्या रेघेत मिसळलेली माणसं मला ठाऊक आहेत. मी त्यांच्यातलाच आहे.

वेधशाळेच्या अंगणात झाड होतं, हे खरं. पेटीच्या दक्षिणेला. ते तुझ्या आईने लावलं होतं. ती गेल्यावर ते तोडणं माझ्या हातून झालं नाही. एवढी एक हळवी गोष्ट माझ्या नोकरीत होती. तीही तुला खुपते.

रविवारी आत्याकडे गेलो होतो. पंखा सुरू होता. मी म्हटलं, "जानेवारीत पंखा?"

म्हणाली, "पत्र्याला महिना कळत नाही, धाकट्या."

तिला तू पढवलं आहेस, असं मला वाटलं. नंतर आठवलं, ऐंशी वर्षांत तिला कुणी काही पढवू शकलेलं नाही.

बाबा

१२ फेब्रुवारी

पुन्हा परत. या वेळी 'ते तुझ्या आईने लावलं होतं' याखाली रेघ. एकच, सरळ, पट्टी लावून मारल्यासारखी.

बरं. तुझ्या आईने लावलं नव्हतं. पेटीच्या मागे ते आपोआप उगवलं. उलट ती म्हणायची, "तोडून टाका हो, एक दिवस नोकरी जाईल." ती गेली तेव्हा झाड माझ्या डोक्याच्या वर गेलं होतं आणि त्याची सवय झाली होती.

आता सगळंच लिहितो. पेटीवर कशाचीही सावली पडता कामा नये, हा आमच्या नियमपुस्तकाच्या पहिल्या पानावरचा नियम. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात वार्षिक तपासणी असायची. तिच्या आधीच्या रविवारी मी शिडी लावून पेटीवरच्या फांद्या उतरवायचो. तू खालून गोळा करायचीस आणि शेडमागे ओढत न्यायचीस. एकदा तुझ्या हातात काटकी घुसली होती. तू विचारलंस, "दरवर्षी याच आठवड्यात का बाबा?" मी म्हणालो, "साहेब येतात म्हणून." तपासनीस यायचा, अंगण बघायचा, म्हणायचा, "वा! लख्ख ठेवलंय." सही करून जायचा. महिन्याभरात पालवी फुटायची.

नोंदवहीत ते स्पष्ट दिसतं. दरवर्षी त्या आठवड्यात कमाल तापमान सव्वा अंशाने उडी मारतं आणि पानं आली की खाली बसतं. माझ्याच अक्षरात. पुस्तिकेत मी महिन्यांच्या सरासऱ्या छापल्या. सरासरीत उडी बुजते. तू मूळ वह्या कधी बघितल्यास मला माहीत नाही. कदाचित बघितल्याच नसतील. फांद्या उचललेल्या हाताला वही लागत नाही.

झाड दर वर्षी वाढलं. उन्हाळाही वाढत असणार. एकाने दुसऱ्याला झाकलं आणि पारा जागच्या जागी राहिला. त्या जागच्या जागी राहण्याला मी पुरावा म्हटलं.

झाड का ठेवलं ते विचारशील. दुपारचा वेध घ्यायला पेटीपाशी पाच-सात मिनिटं उभं राहावं लागतं. उन्हात उभं राहवत नव्हतं. पहिल्या वर्षांत राहवत होतं, पुढे राहवेना. मी वयाला दोष दिला. तेव्हा मी चाळिशीचाही नव्हतो.

म्हणजे बघ, ऊन वाढलेलं नाही असं सांगत जो माणूस सभा-सभांतून फिरला, त्याला ते सांगायला लागणारे आकडे सावलीत उभं राहून घ्यावे लागत होते.

लोकांना वाटतं की मी तेल कंपन्यांचं साहित्य वाचून बिघडलो. तुलाही वाटत असेल. तसं काही झालं नाही. चोराच्या मनात चांदणं, एवढंच. माझ्या पेटीवर एक फांदी होती म्हणून मला जगातल्या प्रत्येक पेटीवर फांदी दिसू लागली. सगळेच लबाड असतील तर मी एकटा लबाड ठरत नाही. माझ्या शंकेचं मूळ हे आहे. ती विज्ञानावर नव्हती. आपण सोडून कुणी तरी काम नीट केलं असेल, यावर माझा विश्वास बसत नव्हता.

तरीही समितीला लिहिणं जमत नाही. हे तुला लिहिलं, ते वेगळं. तिथे ते फाइलला लागेल, वाचून दाखवलं जाईल. गावात मला 'वेधशाळेचे साहेब' म्हणतात. दुसरं काही माझ्याकडे उरलेलं नाही.

बाबा

२ मार्च

हे पत्र परत आलं नाही. तू ठेवून घेतलंस. त्याचा अर्थ मी लावला आणि काल समितीला पत्र दिलं. नक्कल सोबत जोडणार होतो, पण राहिली. आशय तोच आहे. पेटीवर झाडाची सावली होती, बत्तीसपैकी सव्वीस वर्षांचे आकडे कमी आहेत, पुस्तिका मागे घेतो, तिसऱ्या मजल्याचं काम थांबवू नये.

आवक कारकुनाने शिक्का मारला आणि विचारलं, "साहेब, नवीन पुस्तिका का?"

"जुनीच," मी म्हणालो.

घरी येऊन जेवलो. बऱ्याच दिवसांनी जेवण जेवणासारखं लागलं. इतकंच कळवायचं होतं.

बाबा

१८ मार्च

तुझी बदली झाल्याचं रखवालदाराने सांगितलं. जिल्ह्याच्या शेवटच्या टोकाचं इस्पितळ, बसने सहा तास. तू मला कळवलं नाहीस. कारण मला ठाऊक आहे आणि आता तुलाही ठाऊक असणार. पण ते माझ्या अक्षरात तुझ्याकडे असावं.

नक्कल राहिली नव्हती. मी जोडली नाही. तिची सुरुवात अशी होती: 'माझ्या मुलीने लक्षात आणून दिल्यावरून कळवतो की'.

त्या वाक्याची गरज नव्हती. 'मी कळवतो की' एवढं पुरलं असतं. पण एकट्याने उभं राहून सांगायचं धैर्य झालं नाही. पुढे तुला उभं केलं आणि मागून बोललो.

बैठकीला मी मागच्या बाकावर होतो. सभापतींनी पत्र वाचलं. पहिलं वाक्य दोनदा वाचलं. म्हणाले, "अर्ज कुणाचा? मुलीचा. आकडे मागे कोण घेतंय? वडील. कुणाच्या सांगण्यावरून? मुलीच्या." लोक हसले. एक सभासद म्हणाला, "घरचंच प्रकरण दिसतंय." पुन्हा हसले.

मी उठून म्हणालो, "झाड होतं. माझ्या निवृत्तीनंतर तोडलं. जाऊन बुंधा बघा."

"बुंध्यावरून सावली किती पडत होती ते कसं कळायचं साहेब? एका बाजूला तुमच्या बत्तीस वर्षांच्या नोंदी, दुसऱ्या बाजूला तुमचं एक पत्र. तुम्हीच लिहिलंय ना, घाईने निष्कर्ष काढू नयेत?" त्यांनी पुस्तिका उघडली. खूण घालून ठेवलेली होती. माझंच वाक्य मला वाचून दाखवलं. "'दोन्ही बाजू विचारात घेता अधिक अभ्यासाची आवश्यकता आहे.' बरोबर ना?"

ठराव त्याच शब्दांत झाला. अधिक अभ्यासाची आवश्यकता. विषय पुढच्या वर्षावर.

बाहेर जिन्यात त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. शाळेत एका वर्गात होतो आम्ही. म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. छप्पर तसंही होणार नव्हतं."

"मग माझी पुस्तिका कशाला जोडली?"

"नाही म्हणायला काही तरी लागतं ना. तुमचं छापील होतं."

"तुम्हाला स्वतःला काय वाटतं? ऊन वाढलंय?"

"अहो, वाढलंय की! आमच्या हिने वरच्या खोलीत झोपणं सोडलं दोन वर्षं झाली." आणि ते गाडीत बसले. काचा वर होत्या.

तू मला म्हणाली होतीस, हा गुन्हा आहे. सभापती खासगीत मान्य करतात की ऊन वाढलंय, आणि फाइलवर शंका घेतात. माझी शंका निदान मला खरी वाटायची. हे मी स्वतःची बाजू हलकी करायला लिहीत नाही. त्यांना खोटं बोलायला खरी वाटणारी शंका हवी होती, आणि ती मी पुरवली. कुंपणाने शेत खाल्लं म्हणतात. मी तर खाल्लंही नाही. नुसतं दार उघडं ठेवून उभा राहिलो.

बाबा

७ एप्रिल

तुझं कार्ड मिळालं. 'रोज दुपारी दोन. आत्याची खोली. मोजा आणि लिहा.' चार तारखेपासून सुरू केलं. निवृत्तीच्या वेळी घेतलेला तापमापक अजून चांगला आहे. खिडकीपासून दूर, आत्याच्या उशाच्या उंचीवर टांगतो. दहा मिनिटं थांबतो, मग वाचतो. चार तारीख ३९.२. पाच तारीख ३९.८. सहा तारीख ३९.६. आज ४०.१.

पहिल्या दिवशी आत्याने विचारलं, "हे काय?"

"तापमान घेतोय."

"किती आहे?"

सांगितलं.

"आता पटलं?"

मी आकडा वहीत लिहून घेतला.

"तीन उन्हाळे मी सांगतेय, धाकट्या, इथे भाजून निघतंय. तेव्हा तू मला काय म्हणालास? 'म्हातारपणी असं वाटतं.' आता काचेची नळी तेच सांगतेय, तर लगेच लिहून घेतोस. नळीला वय नसतं वाटतं?"

पलीकडच्या खाटेवरची बाई तोंडावर पदर घेऊन हसली.

मी म्हटलं, "अक्का, माझ्या घरी चल. खालची खोली थंड आहे."

"तुझ्या घरी? नको रे बाबा. तिथे मला घाम फुटला तर तू म्हणशील, पुरावा काय."

नंतर गंभीर झाली. बाकीच्या दहा जणींना सोडून येणार नाही म्हणाली. एक जण तरी गावातल्या कुणा साहेबांची नातेवाईक वर असली तर खालचे लोक पाण्याच्या बाटल्या वेळेवर आणतात. हा तिचा हिशोब. तू होतीस तेव्हा हे काम तुझ्या नावाने व्हायचं.

मी तिला जास्त आग्रह केला नाही. हेही लिहून ठेवतो.

बाबा

२ मे

आत्याच्या जाण्यानंतर तू आलीस, तिरडीपाशी माझ्या समोरच्या बाजूला उभी राहिलीस, आणि संध्याकाळच्या बसने परत गेलीस. मी बोलायला पुढे आलो नाही. बोलण्यात मी जिंकतो.

काल तुझं पहिलं खरं पत्र आलं. चार ओळी. डॉक्टरने कारण 'वार्धक्य' लिहिलं आहे, तू तक्रार केली आहेस, वरच्या कचेरीतला एक अधिकारी चौकशीला तयार आहे. त्याला खोलीच्या नोंदी हव्या आहेत. सत्तावीस एप्रिलचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण ती त्या दुपारी एक ते चारच्या मध्ये गेली. उरलेल्या दहा जणी अजून वरच आहेत. मे महिना पुढे आहे. हा एक आकडा असेल तर त्यांना या आठवड्यात खाली आणता येईल.

वही सोबत आहे. चार तारखेपासून सव्वीस तारखेपर्यंत तेवीस नोंदी. प्रत्येक दुपारी दोनला, प्रत्येक मी स्वतः वर जाऊन घेतलेली. पंचवीस तारीख ४२.८. सव्वीस तारीख ४३.४. अठ्ठावीसला मी रिकाम्या खाटेपाशी जाऊन घेतली, ती ४३.१.

सत्तावीसच्या रकान्यात आडवी रेघ आहे. त्या दिवशी मी गेलो नाही.

मधला आकडा शाळेतलं पोरही सांगेल. काल तुझं पत्र वाचल्यावर मी तो एका कागदावर लिहून पाहिला. ४३.३. अगदी खरा दिसत होता. बहुधा खराच असेल. माझ्या अक्षरात तो वहीत गेला असता, तर कुणाला कळलं नसतं, तुलाही नाही. दहा जणींचं भलं झालं असतं. अर्धा दिवस मी वही उघडी ठेवून बसलो होतो. चांगल्या कामासाठी खोटा आकडा लिहावा की नाही, हा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदाच पडला. आधीचे खोटे आकडे मी कुठल्याच कामासाठी लिहिले नव्हते.

कागद फाडला. वहीतले चोवीस आकडे खरे आहेत. पंचविसावा घातला असता, तर चोवीसही माझ्या जुन्या वह्यांसारखे झाले असते, आणि चौकशीत कुणी तरी पुस्तिका उघडून खूण घातलेलं पान वाचलं असतं. पण मी कागद या विचाराने फाडला असं समजू नकोस. हा विचार नंतर सुचला. आधी नुसतं हातून झालं नाही.

तुला हे अपुरं वाटेल. आहेच अपुरं. चोवीस दिवस बघून अधिकाऱ्याने ठरवावं, नाही ठरवलं तर मी रोज वर जाऊन बसेन, उरलेल्या दहा जणींचं मोजेन. आज गेलो होतो. ४३.९.

चौकशीला मला बोलव. या वेळी तुझं नाव पुढे करणार नाही. ते विचारतील, सत्तावीस तारखेला नोंद का नाही. मी सांगेन. तब्येत ठीक होती. बस वेळेवर होती. सव्वा वाजता तापमापक पिशवीत घातला, दारापर्यंत गेलो, कडी काढली, उंबऱ्याबाहेर एक पाय टाकला आणि आत येऊन दार लावून घेतलं.

ऊन फार होतं.

बाबा